टीव्हीकडे पाठ

आमच्या बिल्डिंगमधले पराते काका टीव्हीकडे पाठ करून मालिका बघतात. म्हणजे टीव्ही चालू, आवाज मोठा आणि काकांची खुर्ची बाल्कनीकडे तोंड करून. हातात वही, कानावर पेन. मनीषनगरला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले होते, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. मला वाटलं, काकांचं टीव्हीशी भांडण झालंय. दारातून हाक मारली, तर त्यांनी मान न वळवता एक बोट वर केलं आणि म्हणाले, "दोन मिनिटं थांब वं पोरी. राख मोजून राहिलो."

विरजण लगेच मिळालं. राख कसली, ते कळायला मात्र महिना गेला.

काका उमरेडजवळच्या कोळसा खाणीत सॅम्पल घ्यायच्या कामावर होते. सगळी नोकरी त्यातच गेली. वॅगन भरली की तिच्यातून तीन ठिकाणचा थोडा थोडा कोळसा काढायचा, कुटायचा, प्रयोगशाळेत जाळायचा आणि मागे राख किती उरली ते बघायचं. राख कमी तर माल चांगला. त्यासाठी अख्खी वॅगन जाळावी लागत नाही. काका रिटायर झाले, काकू गेल्या, आणि बंगलोरच्या मुलीनं बापाला एकटं वाटू नये म्हणून भला मोठा टीव्ही पाठवला. त्यात हजारभर मालिका. दुसरा माणूस गोंधळला असता. काकांना समोर भरलेल्या वॅगनी दिसल्या आणि ते कामाला लागले.

पद्धत तीच. मालिका कुठलीही असो, दहा मिनिटं सुरुवातीची, दहा मधली, दहा शेवटची. तीन सॅम्पल. मग वहीत ग्रेड: ए, बी, सी आणि सगळ्यात खाली "मातीमिश्रित". पुढे एका ओळीचा शेरा. "बोलणं कमी, उसासे जास्त." "माणूस भला आहे, पण तो काम काय करते हे शेवटपर्यंत समजत नाही." एका परदेशी मालिकेबद्दल लिहिलं होतं, "भाषा समजली नाही, पण सासू-सुनेचं भांडण खरं आहे. बी."

आता तुम्ही हसाल, पण आमच्या घरची अवस्था आधी ऐका. ताटं वाढली की आमच्याकडे काय बघायचं यावर बैठक सुरू होते. मी एक सुचवते, नवऱ्याला ते नको असतं. तो एक सुचवतो, ते मी अर्धं बघून सोडलेलं असतं. रिमोटवर बोट पुढे पुढे सरकत राहतं, वांग्याची भाजी गार होते, जेवण आटोपतं आणि आम्ही अजून यादीच बघत असतो. बिल्डिंगमध्ये अशी चौदा घरं होती. त्यामुळे काकांनी एका शुक्रवारी लिफ्टशेजारच्या फळ्यावर, पाण्याच्या टाकीच्या सूचनेखाली, पाच मालिकांची ग्रेडसकट यादी खडूनं लिहिली तेव्हा आम्हाला देव पावल्यासारखं झालं.

पुढे शुक्रवार म्हणजे सण झाला. संध्याकाळी सहाला काका खडू घेऊन खाली यायचे आणि लोक आधीच उभे असायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाई तर चष्मा पुसून तयार. "राख किती" हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. नवीन भाजीवाला आला तरी बायका एकमेकींना विचारायच्या, याच्यात राख किती आहे वं.

पद्धतीत खोट एकच. तिसरं सॅम्पल शेवटचं असल्यामुळे काकांना जगातल्या सगळ्या मालिकांचा शेवट माहीत होता आणि तो पोटात ठेवायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. माझा नवरा एका खुनाच्या मालिकेत असा गुंतला होता की ऑफिसातून लवकर घरी यायचा. सहा भाग झाले होते, दोन उरले होते. लिफ्टमध्ये काका भेटले. आपुलकीनं म्हणाले, "पाहून राहिले ना? पाहा, पाहा. धाकट्या दिरानंच मारलं, पण मारलं चांगलं. बी ग्रेड." नवरा आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. मग सोसायटीची मीटिंग झाली आणि लिफ्टमध्ये शेवट सांगायचा नाही असा ठराव झाला. काका खरंच बुचकळ्यात पडले. "कोळशाचा रिपोर्ट लपवून कसं चालन?" ते म्हणाले, पण ठरावावर त्यांनी सही केली.

माझं मात्र त्यांच्याशी एकदा चांगलंच वाजलं. मला एक मालिका फार आवडली होती. बर्फाचे डोंगर, निळं तळं, त्यात एक बाई होडी वल्हवत जाते. काकांनी तिला मातीमिश्रित केलं. मी तरातरा खाली गेले.

"काका, काहून हो? इतकी सुंदर आहे ती."

"पाच मिनिटं कोणी बोलूनच नाही राहिलं. नुसता वारा."

"अहो, तो वारा बघायचा असतो. तुम्ही एकदा तोंड इकडे करून तर बसा."

काकांनी पेन कानावर ठेवलं. "डोळे लाच खातेत वं पोरी. कोळसा चमकला की नवीन माणूस म्हणते, वा, काय माल आहे. जाळला की सगळी राख. मी चमक पाहतच नाही."

हे वाक्य त्यांनी मला त्यानंतर पन्नासदा ऐकवलं. मी घरी येऊन त्यांची नक्कलही करायचे. त्याचं आता वाईट वाटतं.

एवढ्या वर्षांत फळ्यावर ए ग्रेड एकदाही लागली नव्हती. लोकांना त्याची सवय झाली होती. पण यंदा नवरात्र संपलं आणि काकांचं काहीतरी बिनसलं. शुक्रवारची यादी पाचाची बाराची झाली. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर काका जिन्यात उभे. "नवीन काही सापडलं का?" जोशीबाईंनाही तेच, वॉचमनलाही तेच. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "ए ग्रेड पाहिजे. एकच. दिवाळीच्या आत."

"दिवाळीच्या आत काहून, काका?" मी विचारलं.

"लागते," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पाहून मलाही थट्टा करवली नाही. माणूस खरोखर घाबरला होता.

मग अख्खी बिल्डिंग कामाला लागली. इतकी मजा आम्हाला गणपतीतही आली नव्हती. प्रत्येक घरानं आपल्या आवडीची मालिका सुचवली, काकांनी प्रत्येकीची तीन सॅम्पलं घेतली आणि प्रत्येक घराचा अपमान झाला. माझा नवरा सगळा राग विसरून रोज दोन नावं चिठ्ठीवर लिहून द्यायला लागला. दोन्ही परत यायची, शेऱ्यासकट. दिवाळी दहा दिवसांवर आली, फळा भरला, वही संपत आली, पण ए काही लागेना.

आणि ती सापडली मला. अभिमानानं सांगते, पोळ्या करताना सापडली. आमचा ओटा असा आहे की पोळ्या लाटताना हॉलमधल्या टीव्हीकडे पाठ होते. कुठलीतरी मालिका संपली आणि टीव्हीनं आपोआप दुसरी सुरू केली. हात पिठात, म्हणून मी तशीच लाटत राहिले. एका गावातला दवाखाना, डॉक्टर कधी जागेवर नसतात, सगळा कारभार म्हाताऱ्या कंपाउंडरच्या हाती. येणारा प्रत्येक माणूस दुखणं सांगता सांगता घरचं सांगायला लागतो. कोणाची खोकल्याची तऱ्हा वेगळी, कोणाची चप्पल घासत येते, मुलाच्या पत्राची वाट बघणारी एक बाई बांगड्या वाजवत येते आणि कंपाउंडर बाटली भरता भरता म्हणतो, या मालतीबाई. मी हसत होते, मध्येच डोळे पुसत होते. तव्यावरची पोळी काळी झाली. आणि मग एकदम लक्षात आलं की वीस मिनिटं झाली, मी एकदाही मागे वळून बघितलेलं नाही. वळायची गरजच पडली नव्हती.

मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी दोन मजले उतरून गेले.

काकांनी पहिलं सॅम्पल घेतलं. बाल्कनीकडे तोंड, वही मांडीवर. मी दाराला टेकून उभी होते, दहावीच्या निकालाला थांबल्यासारखी. दहा मिनिटांनी त्यांनी मधला भाग लावला. पेन कानावरून खाली आलंच नाही. मधलं सॅम्पलही संपलं. मी रिमोट उचलून म्हटलं, "आता शेवटचं लावू?"

काकांनी रिमोट माझ्या हातातून काढून घेतला. "नाही."

"काहून? तिसरं सॅम्पल?"

"नाही घेत." त्यांनी वही मिटली. "रविवारी मोकळी आहेस का? उमरेडले चाल माह्यासंगं."

काका दर रविवारी उमरेडला जातात हे सगळ्यांना माहीत होतं. खाणीतल्या जुन्या दोस्तांकडे जात असतील असं आम्ही ठरवून टाकलं होतं. कोणी विचारलं नव्हतं. त्या रविवारी आम्ही सक्करदऱ्याहून एसटीत बसलो. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला टॅबलेट. रस्ताभर त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

घर लहान होतं. पुढच्या खोलीत एक हातमाग, त्यावर चादर टाकलेली. शेजारी पलंगावर एक म्हातारी बाई बसल्या होत्या, ताठ, पांढरे केस नीट विंचरलेले. आम्ही उंबऱ्यात पाय ठेवला तसं त्या म्हणाल्या, "वामन, आज संगं कोणाच्या चपला आहेत गा?"

त्या अक्का. काकांची मोठी बहीण. आम्ही मनीषनगरला यायच्या आधीच काचबिंदूनं त्यांची नजर पुरती गेली होती.

काका चहा करायला आत गेले आणि अक्कांनी मला जवळ बसवलं. आई-बाप लवकर गेले, अक्कांनी मागावर साड्या विणून भावाला शिकवलं. "गावात तंबूतला शिनेमा यायचा," अक्का म्हणाल्या. "मले माग सोडून जाता नाही यायचं. मी याले पाठवो. हा पाहून ये अन् मागाजवळ बसून सारा मले सांगे, मारामारीसकट. मी म्हणो, पुढच्या खेपेले मीबी येईन. ते राहूनच गेलं. आता येळच येळ आहे, तं डोळे नाही."

"मग काका इथे मालिका लावतात ना?"

"लावते. पण मंधात मंधात सांगत राहते. अक्का, आता तो खिडकीपाशी गेला. अक्का, आता थे रडून राहिली. लहानपणी गोड लागे. आता नाही लागत, पोरी. मी आंधळी आहे हे दर दोन मिनिटानं कानात सांगितल्यावानी होते. म्या म्हटलं, दिवाळीनंतर हे यंत्र आणू नको. आपण दोघं चूप बसू."

बाल्कनीकडे तोंड केलेली ती खुर्ची डोळ्यापुढे आली. एवढी वर्षं हसलो आम्ही त्या खुर्चीला. काका तिथे बसून अक्कांच्या कानांनी ऐकत होते. बिल्डिंगला मिळत होती ती यादी अक्कांना न चाललेल्या मालिकांची होती.

काकांनी चहा दिला. टॅबलेट मागाच्या लाकडावर उभा केला, आणि खुर्ची ओढून त्याच्याकडे पाठ करून, अक्कांसमोर बसले. मालिका सुरू झाली. खोकला आला, चप्पल घासली, बांगड्या वाजल्या. काकांचे ओठ दोनदा हलले, सवयीनं. दोनदा त्यांनी ते मिटून घेतले. मी अक्कांकडे बघत होते. कंपाउंडर काही बोलायच्या आतच अक्का म्हणाल्या, "मालतीबाई आली." आणि कंपाउंडर म्हणाला, या मालतीबाई. अक्का इतक्या खुशीत हसल्या की त्यांच्या बशीतला चहा सांडला.

पहिला भाग संपला. काका बहिणीच्या तोंडाकडे बघत होते, निकाल ऐकायला आलेल्या माणसासारखे.

"लाव पुढचा," अक्का म्हणाल्या.

दुसरा झाला, तिसरा झाला. साडेपाचची एसटी गाठायची म्हणून मी उठले. काकाही उठायला लागले, तसं अक्कांनी हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"वामन, याचा शेवट चांगला आहे ना गा? तुले तं सारे शेवट ठाऊक राहतेत."

"याचा नाही ठाऊक, अक्का," काका म्हणाले. "म्या ऐकलाच नाही. तुह्यासंगं ऐकीन म्हटलं."

अक्का पलंगावर जरा सरकल्या आणि आपल्या शेजारची जागा हातानं झटकली. "मंग आज मुक्काम कर. अन् खुर्ची राहू दे, इथी बस."

मी एकटीच परत आले. एसटी दिघोरीजवळ आली तेव्हा आठवलं, मालतीबाईच्या मुलाचं पत्र आलं की नाही हे मला कळलेलंच नव्हतं. इतकी चुटपुट लागली की काकांना विचारायला मी फोन बाहेर काढला. मग वाटलं, ते दोघं ऐकत असतील. फोन परत पर्समध्ये ठेवला.