डुक्कर क्रमांक नऊ

माणसाच्या प्रकृतीचा अभ्यास माणसावर करू नये, कारण माणूस तक्रार करतो. या तत्त्वावर १९५३ साली ठाण्याच्या खाडीकाठी वराह विभाग निघाला. डुकराचं हृदय बरंचसं माणसासारखं असतं. तेव्हा इथे आठ डुकरं पोसायची आणि ज्या प्रयोगशाळेला जो अवयव हवा तो अर्ज आल्यावर रीतसर वाटून द्यायचा, अशी व्यवस्था होती. (अर्ज तीन प्रतींत. डुकराची सही लागत नसे.)

विभागाचे हेडक्लार्क त्र्यंबकराव यांच्या छातीत एका दुपारी कळ आली. विभागाचा डॉक्टर डुकरांना तासाभरात तपासायचा. कर्मचाऱ्याने मात्र आधी वरच्या कचेरीची मंजुरी आणायची, आणि ती तीन आठवड्यांनी येई. डुकरं सांभाळणाऱ्या काळुरामने त्यांना पाणी दिलं आणि म्हणाला, "सायेब, रजिस्टरान नववा डुक्कर लिवा."

त्र्यंबकरावांनी चार पिढ्यांच्या सोवळ्याची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि स्वच्छ अक्षरात स्वतःला डुक्कर लिहिलं. डॉक्टर लगेच आला. औषध सुरू झालं, रोज वजन होऊ लागलं, संध्याकाळची फेरी सक्तीची झाली. महिन्याभरात चेहऱ्यावर तजेला आला. यांना सरकारने किती जपलंय, असं पत्नी सुमेधाबाई शेजारणींना कौतुकाने सांगू लागल्या.

मग मुंबईच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं : क्रमांक नऊची प्रकृती उत्तम दिसते, सबब हृदय पाठवावे. रजिस्टरातून नाव कमी करायला नियमाने मृत्यूचा दाखला लागे. त्र्यंबकरावांनी दोन दिवस विचार केला, जावक क्रमांक घातला आणि हृदय स्वतःच घेऊन गेले. होतं त्याच जागी ठेवून.

तिथल्या प्रोफेसरांनी कागद वाचला, त्र्यंबकरावांना खालून वर पाहिलं आणि शेरा मारला : 'नापसंत. मानवाशी पुरेसे साम्य नाही.'

जीव वाचला याचा आनंद राहिला बाजूला, त्र्यंबकरावांना तो शेराच लागला. त्यांनी कारण विचारलं.

"आमची डुकरं दार उघडं असलं तरी जागची हलत नाहीत," प्रोफेसर म्हणाले. "पुढ्यात येईल ते खातात आणि पाळी येईपर्यंत स्वस्थ बसतात. माणसाचंही तेच. तुम्ही तर उठून स्वतः इथवर आलात, वर कारणही विचारता."

नापसंत डुकराला मृत्यूचा दाखला लागत नसे; त्या शेऱ्यावर क्रमांक नऊ रद्द झाला. वाचकांनी मात्र हे जिथे बसून वाचलं तिथेच बसून राहावं. निकषात बसणाऱ्यांची विभागाला फार गरज आहे.