नंबरवाले लखमाकाका

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनही चुकेल. चौथीनंतर लिहायची वेळच आली नाही, सांभाळून घ्या. पण लखमाकाका नंबराशिवाय काडेपेटीसुद्धा देत नसत, हे कुठेतरी लिहून ठेवायलाच हवं.

काका आमचे शेजारी, सरावलीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन. फाटक बंद केलं की ते फोनवरून स्टेशनला एक नंबर देतात, वहीत लिहितात, मगच गाडी सुटते. ही सवय त्यांनी घरीही आणली. काही मागायला जावं तर म्हणत, "नंबर बोल, बाय."

मी बेचाळीस म्हणे.

"कालचाच? चालणार नाही."

शेळ्यांनाही नंबराशिवाय सोडत नसत. शेळ्यांचा नंबर मात्र स्वतःच बोलत.

एकदा चिकूच्या वाडीत कामाला उशीर होत होता, म्हणून मी बंद फाटकाखालून वाकून गेले. रुळावर पोचले तर समोर मालगाडी. पाय उचलेचना. काकांनी धावत येऊन मला ओढलं. माझी शुद्ध गेली. ते तोंडावर पाणी मारत बसले आणि तिकडे केबिनमध्ये फोन वाजत राहिला. नंबर मिळेना, म्हणून मागची एक्स्प्रेस स्टेशनातच अडकली. जागा सोडली म्हणून काका निलंबित झाले. रुळावर एक बाई होती, एवढंच त्यांनी सांगितलं. नाव सांगेनात, म्हणून कोणी खरं मानेना.

मीही गप्प. बंद फाटक ओलांडणं गुन्हा. दंड होईल, तुरुंगात टाकतील. पाड्यावर अनोळखी मोटारसायकल आली की मी मागच्या दाराने पळे. असे सात महिने गेले. काका अर्ध्या पगारावर भात-मीठ खात होते. आता नोकरीच जाणार, असं लोक बोलू लागले.

युनियनने प्रकरण लवादाकडे नेलं. सुनावणी डहाणूला होती. मी कोणाला न सांगता गेले आणि दारापाशी उभी राहिले. लवादाचे साहेब काकांना विचारत होते, ती बाई कोण?

"नाव विचारायचं राहिलं, साहेब."

आठ वर्षं आमचं दाराला दार होतं. माझे पाय पुन्हा तसेच थिजले. तरी म्हटलं, "ती बाई मी."

हा गुन्हा आहे हे माहीत आहे का, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "म्हणून तर घाबरून गप्प होते."

बाहेर आल्यावर काका माझ्यावरच चिडले. "तुला कोणी बोलावलं होतं? तुला लेकरं आहेत. माझी नोकरी गेली असती तर शेळ्याच रडल्या असत्या."

मला ताकीद मिळाली. काकांचं निलंबन रद्द झालं. गेल्या आठवड्यात ते पासबुक घेऊन माझ्या दारात आले. मी विचारलं, पगारातून पुन्हा काही कापलं का?

"नाही. सात महिन्यांचे सगळे आले. पूर्ण," ते म्हणाले. "कोणाला तरी सांगावंसं वाटलं."