दहा पूर्णांक सात इंच

"टेप? शिवणाऱ्याचा टेप?" लहानूभाऊ चक्क हसले. "अवं हिरा, मी चौतीस वर्षं रॉड मिलच्या इन्स्पेक्शनले होतो. माह्या हातून गेलेला एक रॉड वापस नाई आला. तुह्या दंडाचं माप मी असं घेतो, का कंपनीवाले फ्रेम करून ठेवतीन!"

असं छातीठोक बोलणं हा लहानूभाऊंचा स्वभाव नव्हे. एरवी ते भाजीवाल्यालाही दोनदा विचारत, "मी मेथीच मागतली ना?" निवृत्तीनंतर कोहका वस्तीतल्या आपल्या घरात पुस्तकात तोंड खुपसून बसावं, हेच त्यांना बरं वाटे. कारण पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोसाठी आणलेली एकही वस्तू तिला बसली नव्हती. चपला लहान, बांगड्या मोठ्या, आणि स्वेटर तर शेवटी शेजारच्या ठकूबाईंना द्यावा लागला. ठकूबाईंनाही तो सैल झाला! पण विषय मोजमापाचा निघाला, की लहानूभाऊंच्या अंगात वारं शिरे.

विषय नाजूक होता. मुलगी प्रेरणाचं साक्षगंध रविवारवर आलं होतं. मुलाकडचे चरोद्याचे, रेल्वेवाले. पहिल्याच भेटीत होणाऱ्या विहीणबाई, कलावतीबाई, हिराबाईंकडे बघून म्हणाल्या होत्या, "माय वं, ईनबाई, दंड हायेत का पैलवानाचे!"

सगळे हसले. हिराबाईही हसल्या. पाहुणे गेल्यावर मात्र जेवल्या नाहीत.

"साक्षगंधात ही बाई चार लोकांत पुन्हा असं बोलली ना," त्या म्हणाल्या, "तं पोरीच्या सासरी मी कधी पाय नाई ठेवणार. सांगून ठेवते!"

प्रेरणाने फोनवर उपाय दाखवला. दंडांचं शेपवेअर! दोन घट्ट बाह्या, पाठीवर पट्टीने जोडलेल्या. वर ब्लाउज घातला की कुणाला कळतही नाही. "मम्मी, आजकल सब पहनते हैं," ती म्हणाली. लहानूभाऊंनी साइझचा तक्ता तीनदा वाचला, गिऱ्हाइकांचे अभिप्राय शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि कपाटातून रॉडचा व्यास मोजायचा व्हर्निअर कॅलिपर काढला.

"या वेळी बसनच," ते म्हणाले. "माहा शब्द हाये."

कॅलिपरचे लोखंडी जबडे हिराबाईंच्या दंडाला भिडले.

"आई गं! माप घेऊन राहिले का चिमटे घेऊन राहिले?"

"हालू नको! रीडिंग बदलते."

तीन रीडिंग झाली. सरासरी निघाली. व्यास साडेशहाऐंशी मिलिमीटर, गुणिले तीन पूर्णांक चौदा. लहानूभाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि निकाल जाहीर केला, "घेर दहा पूर्णांक सात इंच. साइझ स्मॉल!"

आता खरी गोष्ट अशी, की वंदना टेलर हिराबाईंच्या ब्लाउजची बाही चौदा इंचांची कापते. हे हिराबाईंना पाठ होतं. सांगायला त्यांनी तोंड उघडलंदेखील. पण दहा पूर्णांक सात! लग्नातसुद्धा त्यांचा दंड एवढा नव्हता! त्यांनी तोंड मिटलं आणि हळूच आरशासमोरून एक चक्कर मारून आल्या.

रविवारी सकाळी ते शेपवेअर घालायला चाळीस मिनिटं आणि पावडरीचा अख्खा डबा लागला. एका बाजूने प्रेरणा ओढत होती, दुसऱ्या बाजूने ठकूबाई. हिराबाई बाहेर आल्या तेव्हा दंड खरोखर बारीक दिसत होते. फक्त पाठीवरच्या पट्टीने दोन्ही हात मागे आणि बाहेर ताणले गेले होते. आखाड्यात उतरणारा पैलवान चालतो ना, हुबेहूब तसे!

"मम्मी, हाथ नीचे करो ना."

"खालीच हायेत वं!"

लहानूभाऊंच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. जबड्यात रॉड दबत नाही. बायकोचा दंड दबतो!

"हिरा," ते चाचरत म्हणाले, "काढून टाक."

"आता? गाड्या विहारापाशी पोचल्या! बारीक दिसतात का नाई, तेवढं सांगा."

"दिसतात," लहानूभाऊ म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

विहाराच्या हॉलच्या दारात कलावतीबाईंनी हात जोडले. "जय भीम, ईनबाई!"

"जय भीम!" हिराबाईंनीही हात उचलले. ते वीतभर अंतरावर येऊन थांबले, जणू मध्ये कुणी पपई धरली आहे! कलावतीबाईंचा चेहरा उतरला.

"पाहून राहिले का?" त्या नवऱ्याला, देवरावांना म्हणाल्या. "बाई हात बी जोडत नाई. त्या दिवशीचा राग हाये."

देवराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी हिराबाईंचे ताठ हात निरखले. "सिग्नल तं खराब दिसते," ते म्हणाले.

हे लहानूभाऊंनी ऐकलं. सोयरीक मोडणार, आणि तीसुद्धा साडेशहाऐंशी मिलिमीटरपायी!

त्रिशरण, पंचशील झालं. मग विहिणींनी एकमेकींना हार घालायचे होते. कलावतीबाई विजेच्या खांबाएवढ्या उंच. हिराबाईंचे हात छातीच्या वर जाईनात. हार धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कलावतीबाई तोंड आवळून, नाइलाजाने वाकल्या. हिराबाईंनी डोळे मिटून सगळा जोर लावला, आणि...

चर्रर्र!

मागच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला. कलावतीबाई किंचाळल्या, "माय वं! माहा ब्लाउज गेला!" त्यांनी एका हाताने स्वतःची पाठ धरली, दुसऱ्याने हिराबाईंना पकडलं आणि शेजारच्या खोलीत पळाल्या. दार धाडकन बंद!

लहानूभाऊ दाराशी जाऊन उभे राहिले. आतून हिराबाईंचा आवाज आला.

"तुमचं काई नाई फाटलं. माहं फाटलं, आतलं. तुमी पैलवान म्हटलं म्हणून घातलं होतं."

"अवं बाई! मी कौतुकानं म्हटलं होतं! हे माहे पाह्य, कसे लोंबून राहिले. तुहे कसे टणक हायेत!"

आणि मग दोघी अशा हसल्या, की लहानूभाऊ दचकून मागे सरले.

दोघी बाहेर आल्या त्या हातात हात घालून. हिराबाईंनी दोन्ही हात ऐटीत वर करून हार घातला, टाळ्या पडल्या, प्रेरणाच्या बोटात अंगठी गेली. जेवणं झाल्यावर कलावतीबाई भर पंगतीत म्हणाल्या, "इवाई, तसंच एक मलेबी मागवून द्या!"

लहानूभाऊंचा ऊर भरून आला. त्यांची निवड कुणाला तरी आवडली होती! त्यांनी लगेच फोन काढला. "तं मग, माप..."

"माप आमी पाहू," हिराबाई म्हणाल्या. "तुमी फक्त चरोद्याचा पत्ता टाका."

पत्ता त्यांनी टाकला. घर नंबर, गल्ली, पिनकोड, सगळं तीनदा तपासलं. आठव्या दिवशी पार्सल आलं, अगदी बिनचूक. कोहक्यात, त्यांच्याच दारात!