डॉक्टरांचे चिंचोके

आमच्या दवाखान्यात ब्लडप्रेशरची गोळी सुरू व्हायची असेल तर माणसाला आधी पिशवीत हात घालून एक चिंचोका काढावा लागे. पिशवी डॉक्टर चौसाळकर स्वतः धरत आणि माणसाचा हात आत असेपर्यंत खिडकीबाहेर बघत. नेकनूरकडचा एक म्हातारा तर चप्पल काढून, पिशवीला हात जोडून मगच पुढं सरसावला. घरच्या म्हशीसाठी त्यानं देवाला असाच कौल लावला होता आणि म्हैस वाचली होती, असं तो सांगत होता. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती म्हशींना लावला हुता?"

दवाखाना आमच्या सहकारी दूध संस्थेचा. एक डॉक्टर, एक सिस्टर, आणि मी कंपाउंडर. चिंचोक्यांचं खूळ कशातून निघालं ते सांगतो. आमच्या भागातली माणसं प्रेशरची गोळी महिनाभर घेतात, बरं वाटलं की सोडून देतात, आणि मग एके दिवशी तोंड वाकडं होऊन बाजेवरून येतात. मात्र हीच माणसं दूध घालायला दोन्ही वेळा केंद्रावर न चुकता हजर असतात. तेव्हा गोळ्यांची पुडी दवाखान्याऐवजी दूध केंद्रावरच दिली तर, असं डॉक्टरांच्याच मनात आलं. मी म्हणालो, उत्तम कल्पना आहे, उद्यापासून देऊ. बरीच वर्षं टाळून चेअरमनही शेवटी आमच्या गावापुरतं तेच म्हणाले. डॉक्टर एकटेच म्हणाले, "वाटतं ते येगळं, हाय ते येगळं."

हे त्यांचं पालुपद. सलाईन लावल्यावर लई बरं वाटतं, असं कुणी म्हटलं की हेच. आपल्याला स्वतःला काय वाटतं हे तर ते कधी सांगतच नसत. "मला लई काय काय वाटतं," ते म्हणत, "मला वाटतं मी भजन पण चांगलं म्हणतो." ते भजन मी ऐकलं आहे. त्यामुळे हा मुद्दा मला लगेच पटला.

तर ठरलं असं की पांढरा चिंचोका निघेल त्याला गोळ्या दूध केंद्रावर मिळतील, आणि काळा निघेल त्यानं पूर्वीसारखं पंधरा दिवसांनी दवाखान्यात यायचं. गोळी दोघांना एकच. वर्षानं मोजायचं की कोणत्या बाजूच्या माणसांनी गोळी टिकवली. पांढरे पुढं गेले तर तालुक्यातल्या आपल्या सगळ्या केंद्रांवर कायमच्या गोळ्या ठेवू, असा शब्द चेअरमननी दिला होता. डॉक्टरांनी या एका गोष्टीसाठी चार वर्षं त्यांच्या उंबऱ्याला खेटे घातले होते. आता निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

या सगळ्याची एक वही होती आणि वहीत शेवटचा रकाना होता: 'चूक व कारण'. पहिलीच नोंद खुद्द डॉक्टरांची. सुरुवातीला त्यांनी चिंचोके चुन्यानं रंगवले होते. तो चुना बोटांना खरखरीत लागतो आणि बाया चाचपून हवा तो चिंचोका काढतात, हे आठवड्यानं लक्षात आलं. मग ऑइलपेंट आला. काळ्यांनाही काळा ऑइलपेंट, म्हणजे हाताला सगळे सारखे. वहीत लिहिलं गेलं, 'चूक: चुना. कारण: डॉक्टरने आधी स्वतः हात घालून बघितला नाही.' माझ्या नावावर तर पानंच्या पानं होती. 'चूक: दोन पुड्यांची अदलाबदल. कारण: कंपाउंडर क्रिकेट ऐकत होता.' हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण चारचौघांच्या नजरेला पडेल अशा वहीत लिहायची काय गरज होती?

गयाबाईला काळा निघाला तेव्हा मात्र माझा जीव तुटला. म्हातारी एकटी, प्रेशर भलतंच चढलेलं. दूध केंद्र तिच्या दारासमोर आणि दवाखाना कोसभर लांब. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणालो की हिला तेवढं पांढऱ्यात टाकू, कोण बघतंय. ते म्हणाले, "आज गयाबाई, उद्या चेअरमनची सासू. मग चिंचोके कावून रंगवले? भाजी करायला?" संध्याकाळी वही उघडली तर माझी नोंद तयार. 'चूक: कंपाउंडरने वशिला लावला. कारण: गयाबाईचं ताक.' मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. असा कोरडा माणूस साता जन्मांत बघितला नाही, असं घरी बायकोलाही सांगितलं.

त्यातच दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, चारा संपला आणि पाली गावाच्या बाजूला जनावरांची छावणी उघडली. जनावरांमागं माणसंही तिथंच राहायला गेली. निम्मं गाव चवाळ्यांच्या, म्हणजे जुन्या गोणपाटांच्या पालाखाली, दावणीशेजारी. संस्थेनं दुधाचा काटा छावणीतच नेला, त्यामुळं पांढऱ्यांच्या पुड्याही तिथं पोचल्या. काळ्यांना मात्र दवाखाना आता तीन कोसांवर पडला. म्हशीला टाकून गोळीसाठी तीन कोस कोण चालत येणार? मी मनात हिशेब केला की काळे साफ झोपणार, पांढरे जिंकणार, डॉक्टरांचं काम फत्ते. वाईट फक्त गयाबाईचं वाटत होतं, कारण तीही म्हशीसोबत छावणीत गेली होती.

पण काळे येत राहिले. कुणी दुधाच्या टेम्पोत बसून, कुणी पाण्याच्या टँकरवर. गयाबाई तर ठरल्या वारी ताकाची बरणी घेऊन हजर. म्हैस आटत आली तरी तिची बरणी आटली नाही. मला वाटलं, दुष्काळानं माणसांना शिस्त लागली.

वर्ष झालं. संस्थेच्या वार्षिक सभेसाठी डॉक्टरांनी वही माझ्याकडं दिली आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला सांगितलं. बेरजा केल्या तर पांढरे आणि काळे जवळजवळ सारखे. मी दोनदा मोजलं. मग शेवटच्या पानावरचा रकाना वाचला.

'चूक: काळ्यांपैकी जो ठरल्या वारी आला नाही, त्याच्याकडे डॉक्टर सायकलवर छावणीत जाऊन विचारपूस करत होता. दर संध्याकाळी, आठ महिने. त्यामुळे सगळी मोजणी बिघडली.' आणि खाली कारण.

कारण वाचून मी वही मिटली. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. संध्याकाळी दवाखाना बंद झाला की ते सायकल काढत ती फिरायला, एवढंच मला ठाऊक होतं. ज्या माणसाला मी वर्षभर कोरडा म्हणत होतो, त्याच्यासमोर जायची मला त्या दुपारी लाज वाटली. सुवाच्य प्रतीत मी चूक उतरवली आणि कारणाची जागा कोरी सोडली.

सभेत डॉक्टर उठले. दोन्ही बाजू सारख्या निघाल्या, असं त्यांनी सांगून टाकलं. मग चूक वाचली. वाचता वाचता कोऱ्या जागेपाशी थांबले, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि औषधाचा डोस सांगावा तशा आवाजात पाठ म्हणून दाखवलं, "कारण: डॉक्टरला संध्याकाळी घरी जाऊ वाटत नव्हतं."

चेअरमननी विचारलं, "म्हंजे साहेब, केंद्रावर गोळ्या द्यायच्या का न्हाई?"

"म्हाईत न्हाई," डॉक्टर म्हणाले. "म्हाईत झालं असतं. मी नासवलं."

चार वर्षांचे खेटे असे तीन वाक्यांत संपले. चेअरमन तसे दिलदार. त्यांनी आणखी एक वर्ष दिलं, पण अट घातली की औंदा साहेबांनी संध्याकाळी गुमान घरी बसायचं, कुणाकडं जायचं नाही. सभेनं हात वर करून ठराव मंजूर केला. डॉक्टरांनीही हात वर केला.

तेवढ्यात मागून बायांतून गयाबाई उठली. "त्याला घरी बसवा," ती म्हणाली. "आमी जाऊ त्याच्याकडं. त्याला काय ठरावानं बंदी हाय का?"

चेअरमननी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी वही मिटली. मग म्हणाले, "बंदी न्हाई. पण दोन्हीकडच्यांनी यावं लागंल. सारखं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सहज त्यांच्या क्वार्टरवरून गेलो. सहज म्हणजे मुद्दाम. ओट्यावर माणसं बसली होती, गयाबाई बरणीतून ताक ओतत होती आणि डॉक्टर बोटांवर मोजत होते. पांढरे सहा भरले, काळे पाच.

"कंपाउंडर," ते म्हणाले, "एक काळा कमी पडतोय. तुमी बसता का?"

मी चप्पल काढली आणि गयाबाईशेजारी बसलो.