जवळ म्हणजे किती?

आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहायचं काम म्हणजे आजवर फक्त बाबांच्या रजेचे अर्ज. अशा मुलाने आपल्या सरांवर लिहायला घ्यावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. शिवाय बोरकुटे सरांच्या हाती हे पडलं तर 'आजवर' या शब्दाखाली लाल रेघ येईल. "कोणत्या तारखेपासून?"

सरांना 'जवळ' हा शब्द सहन होत नाही. एकदा आम्ही दोघं टपरीवर चहा पीत होतो. एका माणसाने कोहक्याचा रस्ता विचारला. टपरीवाला म्हणाला, "बस, पास में ही है." सरांनी कप खाली ठेवला, खिशातून जीपीएसचं यंत्र काढलं आणि आकाशाकडे धरलं. "रुको भाई. पास मतलब कितना? सॅटेलाइट पकड़ने दो." सॅटेलाइट सापडेपर्यंत तो माणूस कोपऱ्यावरून वळला होता. सर मागून ओरडले, "चौदाशे दहा मीटर! प्लस-मायनस पाच!"

टपरीवाला मला हळूच म्हणाला, "इतने में तो वो पहुँच के फोन कर देता, भैया."

सर स्टील प्लांटमध्ये रूळ तपासायचे. नोकरीभर खडू घेऊन फिरले आणि पसंत न पडलेल्या रुळावर फुली मारत राहिले. रिटायर झाल्यावर त्यांनी उपग्रहाच्या चित्रांचं शिक्षण घेतलं, आणि आता आमच्यासारख्यांना नकाशे करायला शिकवतात. खडू तोच आहे. आमच्या नकाशांवर खडू उमटत नाही म्हणून लाल पेन वाढलं, एवढंच.

त्यांच्या वर्गात दोन प्रश्नांतून सुटका नाही. पहिला, "चित्र कोणत्या तारखेचं?" दुसरा, "जागेवर जाऊन पाहिलं का?" वरून हिरवं दिसलं म्हणून शेत लिहायचं नाही. "बेशरमाची झाडं बी हिरवीच असतात, बाबू. जा, पाहून ये." मग आपण उन्हात सायकल हाणायची, आणि खरंच बेशरमाची झाडं निघायची.

पास होण्यासाठी प्रत्येकाला एक नकाशा करायचा होता. मी चरोद्याच्या बाजूची तळी घेतली. एका चित्रात रेल्वे कॉलनीच्या मागे छान चौकोनी निळं तळं दिसलं. दोन दिवस मला ताप होता, म्हणून तेवढं एकच जागेवर न पाहता लिहून टाकलं.

वर्गात पडद्यावर नकाशा आला. सरांचं बोट बरोबर त्याच तळ्यावर थांबलं.

"तारीख?"

मी मागच्या वर्षीची फेब्रुवारीतली एक तारीख वाचली.

सरांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "तळं नाही ते. मंडप आहे."

मला खरंच शिकायचं होतं, चिडवायचं नव्हतं. मी विचारलं, "सर, तुम्ही जागेवर जाऊन पाहिलं का?"

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. "नाही," ते म्हणाले. "मी नाही गेलो." त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फुली न मारताच निघून गेले. असं कधीच झालं नव्हतं.

मी पास की नापास, हे विचारायला रविवारी वैशाली नगरला त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं.

"हे सकाळीच कुठी निघून गेले, सांगून नाही गेले. तू बस." मग माझ्या हातातला नकाशा पाहून म्हणाल्या, "हे तळं तूच काढलं का रे?" आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आमच्या पोरीच्या, आशूच्या लग्नाचा मंडप हाय तो! निळी ताडपत्री होती. मी गेली होती ना. हे नाही आले."

"कावून, काकू?" माझ्या तोंडून घरचीच भाषा निघाली.

"आशूनं पोराचा बायोडेटा आणून देल्ला. चांगला पोरगा, रेल्वेत. आता हो म्हणाव का नाही? ह्यांनी लाल पेन काढला. 'गाव दुर्गजवळ.' जवळ म्हणजे किती? 'उंची अंदाजे साडेपाच फूट.' अंदाजे कावून, मोजून आणा! खाली लिवलं, 'त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावे.' सही बी केली."

"मंग?"

"मंग काय! तिनं नाही केला सादर. लग्न केलं."

काकूंनी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "आता रोज तिच्या चरोद्यातल्या घराचं छप्पर मोठं करून पाहून राहिले. छपरावर नवी टाकी आली, हे मले ह्यांनीच सांगितलं. मी म्हणते, अहो, लोकलनं पंधरा-वीस मिनिटं लागते, जा ना. तं म्हणतात, पंधरा का वीस, एक काय ते सांग."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"ऐकून राहिली का," सरांचा आवाज आला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि कोणीतरी बाई "बाबा, बसून बोला ना" म्हणत होती. "त्या पोराले सांग, तळं नाही तिथं. जागेवर येऊन पाहिलं. नकाशा नापास."

"तो इथंच बसला हाय," काकू म्हणाल्या. "तुमी कधी येता?"

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"येतो," सर म्हणाले. "संध्याकाळच्या जवळपास."