बारा एकतीसचा गुन्हेगार

सोमवारी दुपारी बारा वाजून एकतीस मिनिटांनी कोणीतरी सर्व्हर बंद केला. 'बंद पडला' असं म्हणायला जाळेवाले तयारच नव्हते. बंद केला!

जाळेवाले म्हणजे ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारे गृहस्थ. जाळं सांभाळतात म्हणून जाळेवाले. खरं नाव पगारपत्रकात कुठेतरी असेलच. चार वर्षं बिचारे कंत्राटावर होते. शेवटी साहेबांनी शब्द दिला होता, "सगळ्या मशीनवर नजर ठेवणारं ते सॉफ्टवेअर पंधरा दिवस एकही खाडा न होता चालवून दाखवा. लगेच कायम करतो. नाहीतर बाहेरच्या कंपनीला काम देऊन मोकळा होतो."

मग काय, जाळेवाले पेटले. अडगळीतला एक पसरट, आडवा कॉम्प्युटर झाडून-पुसून काढला, त्यावर लिनक्स चढवलं, चार रात्री फुकट राबून सॉफ्टवेअर बसवलं. ऑफिसातला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक प्रिंटर साहेबांच्या भिंतीवरच्या पडद्यावर हिरवा ठिपका होऊन बसला. कोणी दमला की ठिपका लाल.

ऑफिसाला ही नजर मुळीच आवडली नाही. "म्हणजे मी दुपारी काय बघते तेही साहेबांना दिसणार?" टायपिस्टने विचारलं. जाळेवाले नुसते गूढ हसले, आणि त्या हसण्यानेच निम्मं ऑफिस त्यांच्यावर उलटलं.

हाच तो सर्व्हर. त्याला जागा मिळाली स्टोअरमध्ये, जुन्या फायलींच्या रॅकांमध्ये, एका स्टुलावर. बाकी सुई ठेवायला जागा नव्हती. स्टोअरच्या दारासमोर टेबल टाकून स्टोअरच्या बाई बसायच्या. सव्वीस वर्षं त्या तिथेच होत्या आणि खोलीची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

शनिवार-रविवार सर्व्हर न अडखळता चालला. सोमवारी बारा एकतीसला गेला. एक वाजता जेवायला म्हणून जाळेवाले आपला डबा आणायला स्टोअरमध्ये शिरले, तेव्हा त्यांना कळलं. साहेबांच्या भिंतीवरचा पडदा बारा एकतीसलाच गोठला होता.

हो, डबा. जाळेवाल्यांचा डबा त्या सोमवारपासून स्टोअरमध्ये असायचा, कुलपात. दोन महिन्यांपासून पॅन्ट्रीत ठेवलेला त्यांचा डबा अर्धा रिकामा निघत होता. पूर्वी तीन कप्पे ठासून भरलेले असायचे, आता भाजी तळाला आणि भात चमचाभर. कोणीतरी हात मारत होतं. घरी सांगून बायकोचा जीव कशाला जाळायचा, म्हणून ते गप्प होते; पण पॅन्ट्रीतल्या प्रत्येक तोंडाकडे त्यांनी बारकाईने बघून ठेवलं होतं.

"सुट्टीत माणसं नसतात तेव्हा चालतो, माणसं आली की बंद होतो. म्हणजे माणूसच!" ते पुटपुटले. बटण दाबलं. सर्व्हर मुकाट्याने सुरू झाला.

त्या दिवशी जेवताना स्टोअरच्या बाईंनी नेहमीप्रमाणे आपल्या डब्याचं झाकण भरून त्यांच्यापुढे सरकवलं. "घ्या हो. तुमचं पुरत नाही, दिसतंय मला."

जाळेवाल्यांनी घेतलं. दोन महिने रोज घेत होते. पण आज चावता चावता त्यांच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई आपल्याला एवढं खाऊ का घालते?

मंगळवारी पुन्हा बारा एकतीस. जाळेवाले थेट साहेबांकडे गेले आणि हुकूम घेऊन आले. "बाई, किल्ली द्या. आजपासून ती माझ्याकडे. आणि दाराशी हे रजिस्टर. आत जाणाऱ्याने वेळ टाकून सही करायची."

बाईंनी पर्स उघडली. किल्ली काढून टेबलावर ठेवली. "सव्वीस वर्षांत इथली टाचणी हरवली नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

जाळेवाल्यांना क्षणभर वाईट वाटलं. पण चार वर्षांचं कंत्राट डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी मन घट्ट केलं. जेवताना झाकण त्या दिवशीही पुढे आलं.

बुधवारी ते अकरापासून दारातच खुर्ची टाकून बसले. मांजरही आत गेलं नाही. मांडीवरच्या लॅपटॉपवर दिसलं, बारा एकतीसला सर्व्हर गेला! धावत आत शिरले. आधी खिडकी पाहिली, गजांना जळमटं. मग छत ठोकून पाहिलं, डोक्यावर पोपडे पडले. मग प्लग पाहिला, घट्ट. एवढं होईतो एक वाजला. डबा उचलला, बटण दाबलं, आणि बाहेर येऊन रजिस्टर उघडलं. दोन दिवसांत तिथे एकाच माणसाच्या सह्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या.

"हा माणूस रजिस्टरही चुकवतो आणि कुलपातला डबाही अर्धा करतो," ते म्हणाले. त्यांच्या अंगावर काटा आला.

गुरुवारी बायको सकाळीच बहिणीकडे गेली होती. डब्याची भानगड नव्हती. जाळेवाले हात हलवत आले, आतून कडी लावली आणि रॅकमागे फायलींच्या गठ्ठ्यावर श्वास रोखून बसले. बारा वाजले. एकतीस. बत्तीस. चाळीस. सर्व्हर मजेत घुरघुरत होता. धुळीने शिंका येत होत्या, त्या त्यांनी नाक दाबून मारल्या. एक वाजता दारावर टकटक झाली.

"अहो, रॅकमागे बसलात तरी जेवायला नको का? आज डबाही नाही तुमचा."

बाई होत्या. हातात भरलेलं झाकण.

जाळेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण आत आहोत हे हिला माहीत होतं. म्हणून आज गुन्हा घडला नाही! त्यांनी झाकण रिकामं केलं, तोंड पुसलं आणि साहेबांना चिठ्ठी लिहायला बसले.

शुक्रवारी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. बाई खाली मान घालून उभ्या. जाळेवाल्यांनी सगळा पुरावा क्रमाने मांडला: सुट्टी, किल्ली, रजिस्टर, रॅक.

साहेबांनी ऐकून घेतलं. "ते ठीक आहे. पण हे यंत्र स्वतः कुठे काही लिहून ठेवत नाही का? बंद का झालं वगैरे?"

"ठेवतं की! मिनिटामिनिटाची नोंद असते. लॉग म्हणतात."

"मग वाचला का?"

जाळेवाले थबकले. नाही वाचला. लॉग वाचायचा तर यंत्रावर संशय घ्यावा लागतो, आणि त्यांचा पहिल्यापासून माणसांवर. "आत्ता दाखवतो," ते म्हणाले आणि मोठ्या रुबाबात त्यांनी लॉग भिंतीवरच्या पडद्यावर उघडला.

सकाळी नऊ वीसपासून तापमान चढू लागलं. बारा एकतीसला ते मर्यादेबाहेर गेलं आणि यंत्राने स्वतःला वाचवायला स्वतःच बंद करून घेतलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, अगदी तस्सं. गुरुवारी काहीच नाही.

"नऊ वीसला काय होतं रोज?" साहेबांनी विचारलं.

मग बाईंनी मान वर केली. "साहेब, नऊ वीसला हे डबा घेऊन आत जातात आणि एकला डबा घेऊन बाहेर येतात. गुरुवारी डबा नव्हता."

साहेब सावकाश वळले. "आत डबा कुठे ठेवता?"

"जागा कुठे आहे तिथे..." जाळेवाले म्हणाले. "सर्व्हरवर. वरच्या हवेच्या जाळीवर. टॉवेलात गुंडाळून. म्हणजे गरम राहतो."

साहेब इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला. जाळेवाल्यांनी खिशातून किल्ली काढून त्यात ठेवली. "चुकलं माझं, बाई," ते म्हणाले, आणि खरंच त्यांचे डोळे भरून आले.

"सोमवारपासून पुन्हा पंधरा दिवस मोजू," साहेब म्हणाले. "किल्ली बाईंकडे. आणि डबा पॅन्ट्रीत!"

संध्याकाळी जाळेवाल्यांनी घरी सगळं सांगून टाकलं. पॅन्ट्रीतल्या चोरापासून सुरुवात केली.

"कसला चोर?" बायको म्हणाली. "अहो, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय ना? दोन महिने मीच अर्धा भरतेय डबा. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मला वाटलं झाली सवय."

जाळेवाले मनातल्या मनात हिशेब मांडू लागले. चोर नव्हताच. चोर नसता तर डबा स्टोअरमध्ये गेला नसता, डबा गेला नसता तर...

"पण मला एक कळत नाही," बायको त्यांच्या पोटाकडे बघत म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले होते. "दोन महिने अर्धपोटी आहात, आणि वजन अर्धा किलो वाढलंय. खरं सांगा, ऑफिसात तुम्हाला खाऊ कोण घालतं?"