सही कोणाची?

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका गजभिये सरांनी तपासून परत पाठवली. वर सोनेरी अक्षरांत ‘डेस्टिन्ड टू बी टुगेदर’ छापलं होतं. सरांनी ‘डेस्टिन्ड’भोवती लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘खोटं. मुलाचा बायोडाटा मावशीने आणला, तो मी पाहिला आहे. बाकी अभिनंदन.’

मुलीची आई पत्रिका नाचवत माझ्याकडे आली, कारण नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या बारा फ्लॅटच्या इमारतीची सेक्रेटरी मी आहे. मी तक्रार यादीत लिहिली. सरांबद्दलची ती त्या वर्षातली नववी.

सर चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. इंग्रजीवर त्यांचं प्रेम आहे, पण त्यातल्या एका घराण्याशी हाडवैर. लक, फेट, डेस्टिनी, मेन्ट टू बी. यातला एखादा शब्द कानावर पडला की सर चष्मा कपाळावर चढवतात. ‘कोणी ठरवलं? ऑर्डर दाखवा. सही कोणाची आहे त्याच्यावर?’

पुढच्याच महिन्यात पाण्याची मोटर जळाली तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं, ‘अनफॉर्च्युनेटली मोटर जळाली आहे.’ मिनिटभरात सरांचं उत्तर: ‘मोटर अनफॉर्च्युनेटली जळत नाही. खालची टाकी कोरडी असताना चालू ठेवली की जळते. चालू कोणी ठेवली?’

चालू मी ठेवली होती. बारा घरांसमोर हे! मी तरातरा त्यांच्या दारात गेले.

‘सर, ती बोलायची पद्धत आहे!’

‘तेच तर!’ सर माझ्याहून जास्त भडकले. ‘माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली मॅडम. नशीब, प्रारब्ध, मागच्या जन्माचं पाप, सगळं एका दिवसात दाराबाहेर काढलं. अन् तुम्ही शिकलेले लोक तेच सामान डेस्टिनी म्हणून खिडकीतून आत घेऊन राहिले!’

मी घरी येऊन दहावी तक्रार लिहिली. माझी स्वतःची.

मार्च संपता संपता सरांचा दुसरा उद्योग सुरू होतो. नागपुरात तेव्हा घरोघरी कूलर बाहेर निघतात आणि सर खिशात टेस्टर घालून दारोदार फिरतात. कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो का, हे पाहिल्याशिवाय कुणाला पाणी भरू देत नाहीत. अख्ख्या इमारतीत कूलर नाही तो फक्त त्यांच्याच खिडकीला. स्वतः पंचेचाळीस डिग्रीत ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचं आणि आमचे कूलर तपासायचे! मला याचा भारी संताप यायचा.

यंदा ते आले तेव्हा माझी कूलरची यादी फ्रिजवर लागलेली होती. गवताच्या ताट्या, पंप, टाकीला रंग वगैरे सहा कामांवर बरोबरच्या खुणा. सातवं, ‘अर्थिंग – रविवारी’. त्यासाठीची हिरवी वायर आणून फ्रिजवर ठेवली होती. सासूबाई खिडकीपाशी पाइप घेऊन पाणी भरत होत्या. कूलर सुरूच होता.

‘बंद करा पहिले!’ सर दारातूनच ओरडले.

‘काहून ओरडता जी सर?’ सासूबाई म्हणाल्या. ‘इतके वर्ष भरून राहिले मी, मले काही झालं का?’

‘आणि अर्थिंग यादीत आहे,’ मी फ्रिजकडे बोट दाखवलं. ‘रविवारी इलेक्ट्रिशियन येतोय. तुम्ही दरवेळी असं...’

सर फ्रिजपाशी गेले. यादी वाचली. सातव्या ओळीवर बोट टेकवलं. मग त्यांनी सासूबाईंच्या हातातला पाइप काढून घेतला, त्यांना मागे सारलं आणि टेस्टरचं टोक पत्र्याला लावलं.

टेस्टरमधला दिवा लागला.

क्षणापूर्वी सासूबाईंचा हात त्या पत्र्यापासून वीतभर लांब होता. माझ्या तोंडून निघालं, ‘बापरे! लकीली...’

‘लक नाही!’ सरांचा आवाज फाटला. ‘टेस्टर होता म्हणून. टेस्टर!’

त्यांनी मेन स्विच बंद केला, स्टुलावर बसले आणि प्लगचे स्क्रू काढू लागले. मान खाली घालूनच बोलत होते.

‘आमच्या मिसेसच्या वेळी सगळे आले. स्टाफ, सोयरे. कोणी म्हणे फेट, कोणी म्हणे हर टाइम हॅड कम. तिची वेळबीळ काही आली नव्हती मॅडम. सकाळचे आठ वाजले होते अन् ती कूलरमध्ये पाणी भरून राहिली होती. अर्थिंगचं तिनं मले तीनदा सांगितलं. मी म्हटलं, रविवारी करू.’

सासूबाई जमिनीवरच टेकल्या.

मला काहीतरी बोलायचं होतं. अशा वेळी बोलायचे शब्द माझ्याकडे तयार असतात. एकेक तोंडाशी आणून पाहिला. इंग्रजी असो की मराठी, प्रत्येकावर त्यांनी सही मागितली असती.

‘तुमच्याकडून राहून गेलं, सर,’ मी शेवटी म्हणाले.

सरांनी वर पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्या वाक्यात त्यांना पहिल्यांदाच काही दुरुस्त करायचं नव्हतं.

‘हो,’ ते म्हणाले. ‘माझ्याकडून राहून गेलं.’

मग त्यांनी हात पुढे केला. ‘हिरवी वायर द्या.’